गाडी खालीच लावा

दत्तात्रेयांचा दिनक्रम भाविकांना तोंडपाठ असतो. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापुरात, भोजन गोदाकाठी पांचाळेश्वरला, त्यावर तांबूल राक्षसभुवनला आणि मुक्काम माहूरला. हे रोजचं. एवढ्या प्रवासात कुठं टोलच्या रांगेत अडकल्याचा किंवा ‘तरी म्हणत होते, आधी निघा’ असं कोणी सुनावल्याचा उल्लेख नाही. याच माहूरला यवतमाळहून जायचं तर अंतर पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. शनिवारी सकाळी सहाला निघायचं ठरतं आणि अकरा वाजून गेले तरी गाडी दारातच असते, कारण गवऱ्यांचं पोतं डिकीत उभं ठेवायचं की आडवं, यावर घरात एकमत झालेलं नसतं.

“बारा वाजून रायले ना बाप्पा, निंगता कवा?”

“निंगून तं रायलो.”

‘निंगून रायलो’ म्हणजे अजून आंघोळ व्हायची आहे. त्याचं फारसं कोणाला वाईट वाटत नाही. १९२१ साली मँचेस्टरला घडवलेलं वाफेचं इंजिन ज्या गावानं शकुंतला रेल्वेवर १९९४पर्यंत चालवून घेतलं, त्या गावाला पाच-सहा तासांच्या उशिराचं काय कौतुक!

पूर्वी हा कार्यक्रम ‘माहूरले जाऊन येऊ’ एवढ्या एका वाक्यात उरकायचा. आता पुण्याला नोकरीला असलेला पुतण्या सुटीत घरी येतो आणि सगळ्यांना मोबाइल दाखवतो. पडद्यावर इटलीतली टेकडी, टेकडीच्या टोकावर दगडी घरांचं गाव, खाली द्राक्षांचे मळे. मग स्पेनमधली पांढरीशुभ्र गावं, कड्याच्या काठावर दाटीवाटीनं बसलेली. शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढायची, दोन दिवसांत अशी चार-पाच गावं पालथी घालायची आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं, असं तिकडचे लोक करतात म्हणे. मोठी आई चष्मा वर सरकवून सगळं नीट पाहते. “वर देऊळ कोणाचं आहे?” ती विचारते. चर्च आहे, असं कळल्यावर तिला त्यात खटकण्यासारखं काही सापडत नाही. “मंग माहूरले चाल. डोंगर तं इथंबी आहे.”

मोठ्या आईचं म्हणणं एका बाजूनं बरोबर आणि एका बाजूनं साफ चूक. दक्षिण युरोपातली माणसं डोंगरावर राहायला गेली ती हौसेनं नव्हे. खाली दलदल, दलदलीत हिवताप आणि वाटेनं लुटारूंच्या टोळ्या. म्हणून वर घरं, भोवती तट आणि शेतीसाठी रोज खाली उतरायचं. आपल्याकडे ही वाटणी उलटी झाली. डोंगर देवाला दिला आणि माणसं काळ्या मातीजवळ, पऱ्हाटीच्या शेताला लागून राहिली. देव वर एकटा आणि भक्त खाली कापूस वेचतो आहे. त्यामुळे वऱ्हाडातला माणूस डोंगर चढतो तो वर कोणीतरी भेटायचं असतं म्हणून. नुसता देखावा पाहायला डोंगर चढायचा, ही कल्पना त्याला अजूनही थोडी संशयास्पदच वाटते. ‘वर काहीच नाही?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

गंमत अशी, की यवतमाळ स्वतःच वर आहे. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, आजूबाजूच्या खोऱ्यांच्या डोक्यावर पठारासारखं. नागपूर त्याच्यापेक्षा शंभरावर मीटरनं खाली. पण हे ज्ञान यवतमाळकर फक्त उन्हाळ्यात बाहेर काढतो, तेही नागपूरच्या पाहुण्यांसमोर. दुपारी कूलरसमोर पालथं पडलेला माणूस, “आमच्याकडे रात्री मात्र मस्त थंड असते बरं” असं छातीठोक सांगतो. आपण टेकडीवरच्या गावातच राहतो, हे त्याच्या गावी नसतं.

गाडी निघते. पुढच्या सीटवर भाऊजी, कारण जवायाला मागं बसवायचं नसतं. मधे मोठे बाबा, मोठी आई आणि एक कोणाचं तरी लहान पोर, जे आर्णीपर्यंत ओकणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या सीटवर पुतण्या, त्याच्या मांडीवर गंज, गंजात वांगी. नागपूर-तुळजापूर महामार्ग आता चौपदरी आणि गुळगुळीत झाला आहे, त्यामुळे जुन्या रस्त्यावर खड्डे चुकवण्यात जाणारा वेळ वाचतो. तो वाचलेला वेळ आर्णीत आलूबोंड्याच्या गाड्यावर जातो. बाबा कंबलपोषांच्या दर्ग्याला गाडीतूनच हात जोडले जातात. बोंड्यावर तर्री ओतून घेतली जाते. “एकच खाजा, पुढं जेवाचं आहे,” असं बजावणारी व्यक्ती स्वतः दुसरा मागवते.

आर्णी सोडलं की मुलूख हळूहळू वर-खाली होऊ लागतो. सागाची झाडं दिसू लागतात आणि धनोड्याजवळ पैनगंगा येते. पुलाच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे नांदेड. आज हा फरक फक्त पाटीवरून कळतो. पण मोठे बाबा पुलावर आवर्जून म्हणतात, “आलो बरं का मोगलाईत.” पुतण्याला हा विनोद वाटतो. तो विनोद नाही. १८५३च्या करारानं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं आणि पैनगंगा ही दोन राजवटींमधली सीमा होऊन बसली. अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाचा. दोन्ही काठ एकाच राज्यात आले ते थेट १ नोव्हेंबर १९५६ला, द्विभाषिक मुंबई राज्यात. म्हणजे रेणुकेच्या दर्शनाला जाणारी वऱ्हाडातली म्हातारी जवळपास शंभर वर्षं हद्द ओलांडून दुसऱ्या राज्यात जात होती आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला परतही येत होती. युरोपातले लोक फ्रान्समधून स्पेनमध्ये गाडी घेऊन गेल्याचं अप्रूप सांगतात. मोठ्या आईच्या सासूनं ते बैलगाडीनं केलं होतं, आणि तिच्या मते त्यात सांगण्यासारखं एवढंच होतं की तिकडे वांगी स्वस्त होती.

पुलानंतर चढ लागतो आणि चढासोबत वाद. फोनमधली बाई एक रस्ता सांगते, भाऊजी दुसरा सांगतात आणि मोठी आई तिसरा. तिचा रस्ता बरोबर निघतो, पण तो फाटा मागं गेल्यावर. “म्यां सांगतलं होतं,” ती म्हणते.

बाईनं घाटात गाडीवाल्याला हे ऐकवणं, याला माहूरच्या इतिहासाचा आधार आहे. माहूरच्या देशमुख घराण्यातली सावित्रीबाई ही मोगलांकडून लढणारी सरदारीण होती. ‘रायबागन’ हा तिचा किताब. फेब्रुवारी १६६१मध्ये कारतलबखान भलंमोठं सैन्य घेऊन सह्याद्री उतरून कोकणात चालला होता आणि ती त्याच्यासोबत होती. उंबरखिंडीच्या दाट झाडीत शिवाजी महाराजांनी त्यांना पुढून-मागून कोंडलं. ना पुढं वाट, ना मागं, आणि वर पाणीही नाही. शिवभारतात आलेल्या वर्णनाप्रमाणे तेव्हा रायबागननं खानाला स्पष्ट शब्दांत समज दिली, की या रानात सैन्य घातलंत इथंच तुमचं चुकलं, आता शरण जा. खान शरण गेला. सामानसुमान तिथंच टाकून जीव वाचवावा लागला. साडेतीनशे वर्षांनी भाऊजींना फक्त गाडी वळवावी लागते आणि डिकीतलं पोतंही शाबूत राहतं. त्यामानानं ते स्वस्तात सुटतात.

टेकडीवरच्या गावांचा जगभर एकच नियम आहे: गाडी खालीच लावा. इटलीतल्या चिविता दि बान्योरेज्जो या गावात गाडी जातच नाही. दरीवर एक लांबलचक पादचारी पूल आहे, त्यावरून चढत जायचं, आणि २०१३पासून गावात शिरायला तिकीट लागतं. गावात कायमची राहणारी माणसं मोजकीच, तिकीट काढणारी हजारोंनी. इतर अनेक जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना मनाई आहे. वेशीवर कॅमेरा असतो, तो काही बोलत नाही, नुसता फोटो काढतो, आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी पर्यटकाच्या घरी जाऊन थडकतो. माहूरला नवरात्रात असाच बंदोबस्त असतो. खासगी गाड्या गावात थांबवायच्या आणि एसटीनं गडावर जायचं. फरक एवढाच, की इथला कॅमेरा बोलतो. तो खाकी वर्दीत शिट्टी घेऊन उभा असतो आणि दंडाचा विषय काही महिन्यांवर ढकलत नाही. “अहो साहेब, म्हातारं माणूस आहे गाडीत,” असं म्हटल्यावर तो काचेतून आत वाकून पाहतो. मोठी आई त्या क्षणापुरती कमालीची म्हातारी होते.

नवरात्र नसलं की गाडी पायऱ्यांपर्यंत जाते. मग पायऱ्या. दोन्ही बाजूंना नारळ, खण, बांगड्या, कुंकवाचे ढीग, स्टीलची भांडी, प्लास्टिकची बंदूक. या बाजारातून चढताना माणसाचं लक्ष दम लागण्याकडे जात नाही, हे या बाजाराचं खरं काम असावं. मोठे बाबा दर पंधरा पायऱ्यांनी एखाद्या दुकानासमोर थांबून भाव विचारतात. त्यांना काही घ्यायचं नसतं. पाच दुकानांचे भाव विचारून होतात तेव्हा श्वास आणि मंदिर दोन्ही जागेवर आलेले असतात.

मधेच ठक-ठक-ठक असा आवाज येतो. तांबुलाची दुकानं. लोखंडी खलबत्त्यात विड्याची पानं, सुपारी, कात, बडीशेप, खोबरं असा ऐवज पडतो आणि बत्ता एका लयीत चालू राहतो. कुटता कुटता हिरवं करडं होतं, करड्याचं तांबडं होतं आणि शेवटी ओलसर लगदा उरतो, जो कागदात बांधून दिला की घरी पोहोचेपर्यंत पिशवीतल्या शर्टालाही थोडा प्रसाद मिळतो. रेणुकेची मूर्ती नाही, मोठा शेंदरी मुखवटा आहे, आणि तिच्या मुखात हा तांबूल असतो. ज्यांचे दात गेले त्यांच्यासाठी देवीनंच पान कुटून घ्यायची रीत घालून दिली, असं मोठ्या आईचं शास्त्र आहे. शास्त्रात ते नसेल. पण कवळी लावणारे भक्त तिच्याशी सहमत आहेत.

दर्शन होतं. साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ पदरात पडतं. मग पुतण्याला उत्साह येतो. समोर माहूरचा किल्ला आहे, अकबराच्या काळातल्या आइन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचं सरकार म्हणून नोंदलेल्या गावाचा किल्ला. तट अजून उभा आहे. जवळच डोंगराच्या पोटात राष्ट्रकूट काळातली लेणी आहेत, ज्यांना सगळे पांडवलेणी म्हणतात, कारण आपल्याकडे कोणी खोदलं हे ठाऊक नसलं की तो खर्च पांडवांच्या नावावर टाकतात. पुतण्या म्हणतो, जाऊन येऊ. “वर काय आहे?” किल्ला आहे. “देव?” देव नाही. मग ‘पुढच्या खेपेला’ असं एकमतानं ठरतं. अख्ख्या दिवसात एकमत झालेला हा पहिला ठराव. इटलीत असा तट असता तर त्यावर चार कॅफे आणि एक तिकीटखिडकी उभी राहिली असती. इथं शेळ्या चरतात, आणि शेळ्यांना दृश्य सुंदर मिळतं.

रात्रीचा मुक्काम माहूरलाच. रविवारी दत्तशिखर, मग अनसूयेचं शिखर. दोन्ही डोंगर सागाच्या जंगलातून वर जातात. पावसाळा सरताना इथून खाली पाहिलं तर एकामागून एक टेकड्या आणि त्यांना वळसा घालून गेलेली पैनगंगा दिसते. त्या मोबाइलमधल्या देखाव्याच्या तोडीचं. भाऊजी मात्र त्याकडे पाठ करून उभे असतात, कारण फोटो काढायचा आहे आणि फोटोत आपण दिसलो पाहिजे. एवढ्यात वानर येऊन केळ्यांची पिशवी नेतं. तो फोटो कोणी काढत नाही आणि त्याच्यासाठी पुढं वर्षभर हळहळतात.

गुडघ्यांचा प्रश्न निघतो तो उतरताना. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. अशा वेळी घरातलं कोणीतरी हमखास कळंबच्या चिंतामणीचं नाव काढतं. यवतमाळहून नागपूरच्या वाटेवर तासाभराच्या आत असलेलं हे गणपतीचं ठाणं जिल्ह्यातला सर्वांत सोयीचा ‘डोंगर’ आहे, कारण ते जमिनीच्या खाली आहे. पायऱ्या आधी उतरायच्या, देव खाली, त्याच्यापुढं कुंड. वर चढणं येतं ते दर्शन झाल्यावर, म्हणजे निदान काम तरी झालेलं असतं. वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणारा रेल्वेमार्ग बांधताना सरकारनंही बहुधा गुडघ्यांचाच विचार केला. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा सुरू झाला आणि पहिली गाडी जिथं उतरायचं असतं त्या देवापर्यंत आली. चढायच्या देवापर्यंत ती कधी येईल, यावर मोठे बाबा पैज लावायला तयार आहेत, पण समोर कोणी उभं राहत नाही.

सहलीचा खरा गाभा मात्र परतीच्या वाटेवर असतो, नदी ओलांडून, ओळखीच्या माणसाच्या शेतात, निंबाखाली. ज्याच्यासाठी डिकीत भांडण झालं ते पोतं आता उघडतं. गवऱ्यांचा हार रचून पेटवला जातो. जाडसर दळलेल्या कणकेत तेल, मीठ, ओवा घालून घट्ट मळलेलं असतं. मोठी आई चार लहान पोळ्या लाटते, प्रत्येकीवर तेलाचा हात फिरवते, एकात एक घालून मुठीएवढा गोळा वळते. ज्वाळा बसून निखारे लाल झाले की रोडगे त्यात पुरायचे आणि मग कोणी बोलायचं नाही, म्हणजे बोलायचं, पण काडीनं उकरून पाहायचं नाही. भाऊजी उकरून पाहतात. शेजारच्या गंजात वांग्याची भाजी रटरटते, तिच्यावर बोटभर तेल तरंगतं. रोडगा बाहेर निघतो तो काळा, राखेनं माखलेला, कोणी ओळख दाखवू नये असा. पण फडक्यात धरून झटकला आणि दोन्ही हातांनी दाबून फोडला, की आतून पापुद्रे सुटे होतात आणि वाफेसोबत गव्हाचा वास येतो. त्यात तूप ओततात. किती, हे डॉक्टरच्या नावानं सुरू होतं आणि देवीच्या नावानं संपतं.

जेवणानंतर, पाठी टेकल्या की, पुतण्या शेवटचा प्रयत्न करतो. सहस्रकुंडचा धबधबा? उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे? नकाशावर काय, बोटभर अंतर आहे. भाऊजी घोरतात. मोठे बाबा झोपेतच “पुढच्या खेपेला” म्हणतात.

हिंडण्याच्या बाबतीत यवतमाळ जिल्ह्याची लाज एकट्यानं राखली ती एका वाघानं. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या या तरुण नराच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९मध्ये रेडिओ कॉलर बसवली होती. जूनमध्ये तो घराबाहेर पडला. महाराष्ट्र आणि तेलंगणाचे जिल्हे, शेतं, नद्या, महामार्ग ओलांडत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेव्हा तेराशे किलोमीटर झाले होते आणि पुढं मिळून तीन हजारांवर गेले. भारतात नोंद झालेल्या वाघांच्या सर्वांत लांब प्रवासांत हा मोजला जातो. ‘वॉकर’ म्हणून तो गाजला. दिवसा झुडपात पडून राहायचा, रात्री चालायचा, वाटेत शिकार करायचा. त्याला नवी जागा आणि जोडीदार हवा होता, असं अभ्यासक सांगतात. मोठ्या आईनं ही बातमी ऐकली तेव्हा तिचा प्रश्न वेगळा होता. “एकलाच गेला? संगं डबा-बिबा काई नाही?”

रात्री साडेनवाला गाडी दारात येते. पोर झोपलेलं, गंज रिकामा, पुतण्याच्या पांढऱ्या टी-शर्टवर तांबुलाचा नकाशा. शेजारचे काका कठड्यावरून विचारतात, “झाली का माहूरची वारी? वर काय काय पायलं?”

“लय गर्दी होती,” भाऊजी डिकी उघडत सांगतात, “पण रोडगे एक नंबर झाल्ते.”